डुकरांची चिठ्ठी

माझी मुलगी डुकरं पाळते. हे वाक्य आता मी बिनदिक्कत लिहितो. पण ते तोंडातून सरळ बाहेर पडायला मला दीड वर्ष लागलं, आणि तेवढ्या काळात मी ओळखीच्या जवळजवळ प्रत्येक माणसावर चिडून घेतलं. चिडायला मला कारण लागत नाही, असं माझ्या बायकोचं मत आहे. माझं मत असं, की कारणं लोकच घरपोच आणून देतात.

आता हेच बघा. आमचं घर पंचवटीतलं. वडील गोदाकाठी यात्रेकरूंचे विधी करायचे. संकल्प सांगताना ‘श्वेतवाराहकल्पे’ हा शब्द त्यांच्या तोंडून दिवसातून कितीदा निघत असेल, याची गणती नाही. म्हणजे पांढऱ्या वराहाच्या नावाने आमच्याकडे काळ मोजतात. पण मुलीने खरीखुरी पांढरी डुकरं आणली म्हटल्यावर त्याच घरातल्या माणसांनी नाकाला रुमाल लावले. एका चुलतभावाने मला लग्नाच्या पंगतीतून बाजूला घेऊन विचारलं, “दुसरं काही नाही का रे सुचलं तिला? शेळ्या तरी पाळायच्या.” म्हणजे शेळी चालते. शेळीने असं काय पुण्य केलंय, ते मात्र त्याला सांगता येईना.

“शेवटी ती कापायलाच जाणार ना?” असंही एकीने विचारलं. जाणार. मी जन्मात मांस खाल्लेलं नाही आणि खाणारही नाही, पण मला एवढं कळतं, की जे जनावर आपण पाळतो त्याला जिवंत असेपर्यंत नीट खायला घालावं. यावर ती म्हणाली, “डुकराला काय घालायचं? ते काहीही खातं.” तिथे माझी तळपायाची आग मस्तकाला गेली, आणि मी पंगत सोडून निघून आलो. बायकोने नंतर माझ्या वाटणीची जिलेबी डब्यात घालून आणली, ती मी दोन दिवस रागाने खाल्ली नाही.

मुलगी कृषी पदवीधर. नाशकात एका ऑफिसात बसून शेतकऱ्यांना फोनवर सल्ला द्यायची नोकरी तिने चार वर्षं केली. मग वराहपालनाचं प्रशिक्षण घेतलं, नोकरी सोडली, वर्षभर जागा शोधली आणि इगतपुरीच्या अलीकडे एका भातशेतकऱ्याची कोंबड्यांची रिकामी शेड भाड्याने घेतली. खाली सिमेंटची फरशी, वर पत्रा, तिन्ही बाजूंना जाळी. शेजारी शेतकऱ्याचं घर आणि त्याच्या दोन म्हशी, चार गाई. तिथे तिने दोन-दोन महिन्यांची चाळीस पिल्लं आणली. गुलाबी नाकं, पारदर्शक कान. मी पहिल्यांदा पाहायला गेलो तेव्हा एक पिल्लू माझ्या चपलेचा अंगठा चावत बसलं होतं, आणि खरं सांगतो, मला ते आवडलं.

ते ‘काहीही खातं’ या वाक्यावर माझा राग का, ते सांगतो. डुकराचं पिल्लू त्या वयात वाढायला लागलं की थांबत नाही. त्याच्या हाडांना कॅल्शियम आणि फॉस्फरस लागतं, तेही एकमेकांच्या प्रमाणात. रक्ताला लोह आणि तांबं, कातडीला जस्त, शिवाय मीठ. आयोडीन आणि सेलेनियम तर चिमटीच्याही चिमटीएवढं, पण ते नसलं तर नडतं. मोकळं डुक्कर दिवसभर माती उकरून यातलं बरंच काही मिळवतं. सिमेंटच्या फरशीवर ते काय उकरणार? आपण त्याची माती काढून घेतली, तेव्हा मातीत होतं ते आपण द्यायचं, इतका हा साधा व्यवहार आहे.

इगतपुरीकडे भात पिकतो, त्यामुळे गिरणीचा कोंडा भरपूर आणि ताजा मिळतो. मका भरडा आणि सोयाबीनची पेंड यांच्यात मुलगी तो कोंडा मिसळायची. पण कोंड्याची एक खोड आहे. त्यातलं फॉस्फरस अशा रूपात बांधलेलं असतं, की डुकराच्या पोटाला ते सहज सुटत नाही. वर ते जस्तालाही धरून ठेवतं. त्यात कॅल्शियम जास्त पडलं, की ती पकड आणखी घट्ट होते आणि खाल्लेलं जस्त अंगी न लागता बाहेर पडतं. म्हणून कोंडा खाणाऱ्या डुकराला कॅल्शियम बेतानं आणि जस्त थोडं हात सैल सोडून द्यायचं. मी चौतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, आणि हे मला माझ्या मुलीने त्या शेडमध्ये पालथ्या बादलीवर बसवून शिकवलं. तिच्या वहीत चाळीसही पिल्लांची वजनं होती. दर आठवड्याला कोंडा किती, जस्त किती, हे ती पुन्हा मांडायची. माझ्या वर्गातल्या एकाही पोराने इतकी स्वच्छ वही कधी ठेवली नव्हती.

बाजारात तयार मिळतं ते खनिज मिश्रण गाईम्हशींचं. पिशवीवर गाय, गाईच्या गळ्यात घंटा, मागे हिरवं कुरण. डुकराच्या वाट्याला पिशवी नाही. सरकारी छापील तक्त्यात बैल असतो, रेडा असतो, कोंबडी असते, आणि डुक्कर ‘इतर’ या रकान्यात असतं. त्यामुळे मुलीने स्वतःच्या हिशेबाने यादी काढली आणि मला म्हणाली, “बाबा, नाशकात द्वारका चौकात ते सुटं मिश्रण करून देणारं दुकान आहे ना? तिथून आणाल का? मला इथून हलता येत नाही.”

आणीन म्हणालो. मला कामाचं बरंच वाटलं.

चिठ्ठीवर तिने वर ठळक लिहिलं होतं : ‘वाढत्या डुकरांसाठी, वय दोन ते पाच महिने’. खाली पदार्थ आणि वजनं. मी घरी आलो, जेवलो, आणि जेवण झाल्यावर टेबलाशी बसून ती यादी दुसऱ्या कागदावर माझ्या अक्षरात उतरवून काढली. वरची ओळ सोडून. बायकोने विचारलं काय करताय, तर म्हणालो, “तिचं अक्षर दुकानदाराला लागायचं नाही.” तिचं अक्षर छापल्यासारखं आहे.

द्वारकेचं ते दुकान माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसांच्या मागच्या गल्लीत, पुढे पेंडीची पोती, मागे मिश्रण करायचं मोठं पिंप. मला पाहिल्यावर तो गल्ल्यावरून उठून खाली आला, वाकून नमस्कार केला. चार गिऱ्हाईकं बघत होती. त्यातली दोन माणसं पंचवटीतली, वडिलांना ओळखणारी. चिठ्ठी वाचून तो म्हणाला, “सर, हे कुठल्या जनावरासाठी?”

“वासरं,” मी म्हणालो. “मुलीने पाळलीत.”

“अरे वा! गाई का? फार चांगलं केलं.”

मागची दोघंही ‘वा, वा’ म्हणाली. त्यातल्या एकाने गोसेवेबद्दल काहीतरी चांगलं बोलून मला हात जोडले. मीही जोडले. गोणी गाडीत पडेपर्यंत माझं लक्ष फक्त एवढ्याकडेच होतं, की अजून कुणी काही विचारू नये.

महिन्याभराने मुलीचा फोन आला. पिल्लांच्या पायांवर, पोटाखाली आणि कानांच्या मागे तपकिरी खपल्या धरल्या होत्या. गेलो तर ती म्हणाली त्यापेक्षा वाईट. कातडी भेगाळलेल्या मातीसारखी सुकून तडकली होती. खाणं कमी, वाढ थांबल्यासारखी. एक पिल्लू मागच्या पायांवर जपून पाऊल टाकत होतं. माझी चप्पल चावायला कुणी आलं नाही.

जनावरांचे डॉक्टर आले. शेडच्या बाहेर, जाळीपलीकडे उभे राहिले. नाकावर रुमाल. आत पाऊल टाकलं नाही. दहा फुटांवरून म्हणाले, “खरूज आहे. इंजेक्शन लिहून देतो.”

मुलगी म्हणाली, “सर, खरजेत जनावर खाजवतं. भिंतीला अंग घासतं. ही खाजवत नाहीत. तुम्ही आत येऊन बघता का?”

“मॅडम, डुकरांना खरूजच होते,” डॉक्टर म्हणाले, आणि मोटरसायकलला किक मारून गेले. मी त्यांच्या मागे रस्त्यापर्यंत ओरडत गेलो. गाईला असं दहा फुटांवरून बघता का, असं विचारलं. त्यांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. इंजेक्शनं दिली, खपल्या तशाच राहिल्या.

शेडचा मालक, म्हातारा शेतकरी, माणूस वाईट नव्हता. पण त्याला त्याच्या गाईंची काळजी. तो रोज संध्याकाळी जाळीशी येऊन उभा राहायचा. “ताई, हे लय वाढलंय. माझ्या जनावरास्नी लागंल. गावात बी लोक इचारत्यात, साथ आली का म्हून.”

“काका, हे लागत नाही. साथ नाही ही.”

“तू म्हनती तर नसंल. पन मंग हाय काय?”

याचं उत्तर तिच्याजवळ होतं, आणि तेच तिला खात होतं. रात्री तिने मला वही दाखवली. “बाबा, हे जस्ताचंच आहे. पुस्तकात चित्र आहे ते असंच आहे. कान, पाय, पोट. पण जस्त तर मी घातलंय. गरजेपेक्षा थोडं जास्तच घातलंय.” वहीतल्या आकड्यांवरून पुन्हा बोट फिरवून म्हणाली, “म्हणजे कोंडा किती जस्त धरून ठेवतो याचा माझा अंदाज चुकला. माझंच गणित चुकलंय.”

तिने नवी चिठ्ठी लिहिली. जस्त दुप्पट, कॅल्शियम आणखी कमी. वर पुन्हा ठळक अक्षरात ‘वाढत्या डुकरांसाठी’. आणि मी पुन्हा ती घरी आणून माझ्या अक्षरात उतरवली. दुसऱ्यांदा तर मी बायकोला काही कारणही सांगितलं नाही. दुकानात त्या दिवशी गर्दी होती. माझा विद्यार्थी चिठ्ठी बघून काहीतरी म्हणत होता आणि माझं लक्ष मागे कोण उभं आहे तिकडे.

नव्या गोणीनेही काही झालं नाही. उलट दहा-बारा धडधाकट होती, तीही सुकायला लागली. तीन आठवडे तिने वाट पाहिली. मग एका सकाळी फोनवर शांतपणे म्हणाली, “बाबा, मी सगळी काढून टाकते. शनिवारी व्यापाऱ्याची गाडी येतेय. काकांना शेड रिकामी करून देते.”

“अगं, पण...”

“मला येत नाही हे काम. दोनदा मांडलं, दोनदा चुकलं. जनावरांवर शिकायचं नसतं. ऑफिसात परत विचारलंय, घेतील म्हणतात.”

लहानपणी सायकलवरून पडली तरी ‘मला येत नाही’ असं न म्हणणारी माझी मुलगी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुणाच्या तरी मानगुटीला धरल्याशिवाय मला चैन पडेना. डॉक्टर झाले, गाव झालं, नातेवाईक झाले. उरला दुकानदार. भेसळ! दुसरं काय असणार? जस्ताच्या नावाखाली चुना घालून देतात, मास्तरालासुद्धा सोडत नाहीत. मी शेडमधून उरलेल्या मिश्रणाची पिशवी भरून घरी आणली आणि शुक्रवारी सकाळी तिच्यासकट द्वारकेला गेलो.

भर दुकानात मी ती पिशवी गल्ल्यावर आपटली. पांढरी भुकटी त्याच्या वहीवर उडाली. मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुक्या जनावरांच्या तोंडचं चोरता, असं म्हणालो. तुला शिकवलं त्याची मला लाज वाटते, असंही म्हणालो. हमाल पोतं पाठीवर घेऊन तसाच उभा राहिला.

माझा विद्यार्थी लालबुंद झाला. पण आवाज चढवला नाही. आत गेला आणि माझ्या दोन्ही चिठ्ठ्या घेऊन आला. मिश्रण करून दिलं की तो चिठ्ठी जपून ठेवतो, पुढच्या वेळी तसंच करता यावं म्हणून. दोन्हींवर त्याने लाल पेनाने आकडे बदललेले होते, आणि वर, मी सोडून दिलेल्या जागेत, त्याच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘सरांची वासरं’.

“सर, वासरांना इतकं झिंक कशाला? मी कमी केलं. आणि कॅल्शियम फारच कमी होतं, हाडं कशी धरणार? म्हणून शिंपल्याची भुकटी वाढवली. तुम्हाला विचारलं होतं मी. दोन्ही वेळेला. तुम्ही म्हणालात, तुला कळतं, तू कर.”

म्हणालो होतो. मला तेव्हा ते ऐकूही आलं नव्हतं, पण म्हणालो होतो.

“चुना नाही घातला सर. सगळ्यात चांगला माल आहे. तुमचं काम म्हणून मी स्वतः पिंपाशी उभा होतो.”

मी दोन्ही चिठ्ठ्या हातात घेऊन लाल आकडे वाचले. तिने कॅल्शियम कमी लिहिलं, त्याने वाढवलं. तिने जस्त वाढवलं, त्याने कमी केलं. कोंड्याची पकड जेवढी सैल करायची तेवढी आम्ही दोघांनी मिळून घट्ट केली होती. त्याने प्रामाणिकपणे, आणि मी लाजेने. तिचं गणित दोन्ही वेळेला बरोबर होतं. ते डुकरांपर्यंत पोचलंच नव्हतं.

“काय झालं सर? वासरांना काही त्रास झाला का?”

“वासरं नाहीत,” मी म्हणालो. इतक्या हळू, की त्याने पुन्हा विचारलं. तेव्हा मी मोठ्याने म्हणालो, “डुकरं आहेत. माझ्या मुलीने डुकरं पाळलीत. चाळीस.”

मला वाटलं होतं आता काहीतरी होईल. कुणी हसेल, कुणी शी म्हणेल. काही झालं नाही. हमाल पोतं घेऊन पुढे गेला. माझा विद्यार्थी कपाळाला हात लावून एवढंच म्हणाला, “अहो सर, मग तसं सांगायचं ना! देवळा तालुक्यातला एक जण नेतो माझ्याकडून डुकरांसाठी. मला येतं ते करायला.”

त्याची माफी मागितली. ती त्याने घेतली की नाही, मला माहीत नाही. तो पिशवीतून उडालेली भुकटी वहीवरून हाताने झाडत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

तिथून मी तसाच गाडीने इगतपुरीच्या रस्त्याला लागलो. आता जे लिहितो ते बायकोलाही सांगितलेलं नाही. पाथर्डी फाटा मागे पडला तशी माझ्या मनात एक गोष्ट आली, की काही सांगायची गरजच काय? उद्या गाडी येईल. डुकरं जातील. मुलगी घरी येईल, ऑफिसात जाईल, संध्याकाळी आमच्याबरोबर जेवायला बसेल. लग्नाच्या पंगतीत मला कुणी बाजूला घेणार नाही. दीड वर्षं जे मला हवं होतं ते आपोआप होत होतं. फक्त मी तोंड बंद ठेवायचं होतं. आणि किंमत काय, तर तिने जन्मभर समजायचं, की आपलं गणित चुकलं होतं.

घोटीपर्यंत मी हे ठरवूनच टाकलं होतं. खोटं कशाला लिहू? चांगलं वाटत होतं मला. घोटीच्या टोलनाक्यावर रांगेत थांबलो तेव्हा शेजारच्या टेम्पोत कुणाच्या तरी गाई होत्या, आणि त्यांच्याकडे बघून मला माझीच अशी किळस आली, की मी गाडीत एकटाच मोठ्याने शिव्या द्यायला लागलो. कुणाला देत होतो हे पहिल्यांदाच मला नीट माहीत होतं.

शेडमध्ये ती पिल्लांना पाणी देत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चिठ्ठी उतरवली ते, वरची ओळ सोडली ते, वासरं म्हणालो ते, दुसऱ्यांदाही तेच केलं ते. घोटीपर्यंत काय ठरवलं होतं तेही सांगितलं. ते सांगायला नको होतं, असं आता कधीकधी वाटतं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आमच्या घरात ओरडणं हे माझं काम, पण त्या दिवशी ते तिने घ्यायला हवं होतं. तिने नळ बंद केला. हात पुसले. वही उघडली आणि तिने काट मारलेले स्वतःचे आकडे बोटाने एकेक करून वाचले.

“म्हणजे माझं बरोबर होतं,” ती म्हणाली.

“दोन्ही वेळेला.”

“बाबा, मी रोज रात्री रडायचे. मला वाटायचं, मी यांना उपाशी मारतेय.” मग तिने माझ्याकडे बघितलं. “तुम्हाला माझी इतकी लाज वाटते?”

मी म्हणालो, तुझी नाही. डुकरांची. ते उत्तर बाहेर पडता पडताच मला कळलं, की तिच्या दृष्टीने यात काही फरक नाही. तिच्या अंगावर तेव्हा त्यांच्याच वासाचा शर्ट होता, बोटाला त्यांनीच चावल्याची पट्टी.

तिने व्यापाऱ्याला फोन करून गाडी आणू नका म्हणून सांगितलं. म्हाताऱ्या मालकाकडे गेली आणि पंधरा दिवस मागून घेतले. तो म्हणाला, “पंदरा कशाला, म्हैना घे. पन ह्ये लागत नाय ना, येवढं सांग.” नाही लागत काका, ती म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज हलला नाही.

मी गाडीची किल्ली हातात घेतली. “दे चिठ्ठी. आत्ता जातो, संध्याकाळपर्यंत माल घेऊन येतो. वरची ओळ मोठ्याने वाचीन, भर दुकानात.”

“नको बाबा, मी जाते. तुम्ही यांच्याजवळ थांबा. पाणी संपू देऊ नका.” तिने माझ्या हातातून किल्ली घेतली आणि गेली.

मी चार तास त्या शेडमध्ये होतो. पहिल्यांदाच एकटा. पालथ्या बादलीवर बसलो. पिल्लांच्या कानामागच्या खपल्या जवळून बघितल्या. हात लावल्यावर त्या कागदासारख्या वाजत. एकही खाजवत नव्हतं. दहा फुटांवरून हे मलाही दिसलं नसतं.

दहा दिवसांत खपल्या सुटायला लागल्या. तीन आठवड्यांत खालून गुलाबी कातडी दिसली. दोन पिल्लं मात्र फार मागे पडली होती. त्यातलं एक, ते जपून पाऊल टाकणारं, उठलंच नाही. ते तिने आणि म्हाताऱ्याने बांधावर पुरलं. मला दोन दिवसांनी कळलं. बाकीची वाढली, भरली. आता शेडमध्ये नवी पिल्लं आहेत आणि ती आधीच्यापेक्षा जास्त आहेत.

लोकांना मी आता सांगतो. दुकानात, देवळात, पंगतीत, कुणी विचारो न विचारो. माझी मुलगी डुकरं पाळते, पांढरी, आणि त्यांना किती जस्त लागतं ते तिला पुस्तकापेक्षा जास्त कळतं. कुणी नाक मुरडलं तर मी भांडतो. त्या चुलतभावाशी मी बोलणं सोडलंय. बायको म्हणते, पूर्वी तुम्ही कारणाशिवाय चिडायचात, आता निदान कारण तरी आहे.

पण दर महिन्याला मिश्रण संपत आलं की मी फोन करून विचारतो, द्वारकेला जाऊन येऊ का. माझ्याकडे वेळ आहे, गाडी आहे, दुकान घरापासून पंधरा मिनिटांवर. तिला त्यासाठी इगतपुरीहून यावं लागतं, सगळं काम टाकून, महामार्गाच्या त्या गर्दीतून. दर महिन्याला ती म्हणते, “नको बाबा, मी जाते.” रागाने नाही म्हणत. अगदी नीट, मायेने म्हणते. आणि जगात कुणावरही चिडू शकणारा मी त्यावर फक्त “बरं” म्हणतो आणि फोन ठेवतो.